पोटात लपलेले रक्त

वाचन : ईयोब १६:१३, मार्क २:१-१२



आपल्या बेळगाव-निपाणी भागात पोटात कळ आली की आपण म्हणतो, "पित्त झालंय." मग सोडा घेऊन कामाला लागतो. तंबाखूच्या वखारीत व विड्यांवर राबणाऱ्या भगिनी तर हजेरी बुडू नये म्हणून दुखणे पदराखाली झाकतात. परंतु प्रत्येक कळ सोड्याने जाणारी नसते.

यकृताखाली पित्ताची लहानशी पिशवी आहे. तिच्या तोंडाशी खडा अडकला की ती सुजते. क्वचित त्या सुजेने आतली रक्तवाहिनी झिजून फुटते. रक्त आतड्यात उतरले तर शौच डांबरासारखे काळे होते. पिशवीच फुटली तर ते पोटात पसरते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक. बाहेर जखम नाही, कपड्यावर डाग नाही, तरी जीव जाऊ शकतो.

आपले पित्त जमिनीवर ओतले गेले, असा आक्रोश ईयोबाने केला. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले, हे चांगले केले. मग त्याचे पाप शोधू लागले, हे वाईट केले. आजाऱ्याच्या खाटेशी बसून त्याचा विश्वास आपणही तोलतो काय? देवाने हिज्कीया राजाची प्रार्थना ऐकली, तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांची ढेप बांधावयास सांगितले. प्रार्थना व औषध ह्यांत वैर नाही. बर्लिनच्या लांगेनबुख ह्यांनी १८८२ साली पित्ताशय प्रथमच काढून रोगी वाचविला. पुढे बाराच वर्षांनी, १८९४ साली, डॉ. वान्लेस ह्यांनी प्रभूच्या नावाने मिरजेस रुग्णालय उघडले.

कफर्णहूमात चौघांनी पक्षघाती मनुष्याला उचलून आणले, छप्पर उघडले, आणि प्रभूने त्या आणणाऱ्यांचाही विश्वास पाहिला. आपली मंडळी असे चौघे देऊ शकेल काय?

उजव्या बरगडीखालची कळ पाठीत वा खांद्यात जात असेल, सोबत ताप, उलटी किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सोनोग्राफीने खडा व सूज बहुधा दिसते. काळे शौच, घेरी, थंड घाम असेल तर मध्यरात्रीही थांबू नये. एकाने गाडी आणावी, दुसऱ्याने पैसे पाहावेत, तिसऱ्याने रक्त द्यावे, चौथ्याने घरची मुले सांभाळावी. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ह्या रविवारी मुलांना एवढेच विचारावे : घरी कोणी दुखणे लपवीत आहे काय? पुष्कळदा ते मुलांनाच ठाऊक असते.

लपलेले सर्व देव पाहतो. आपणही पाहावयास शिकू या.