म्हातारपण कोणाच्या मालकीचे?

समाजकार्याचे शिक्षण घेणाऱ्या, आपल्याच वस्तीतील एका विद्यार्थिनीने परवा मला गाठले. वृद्धांचे आरोग्य आणि त्यांचे निवास हा तिचा यंदाचा अभ्यासविषय. ती म्हणाली, "काका, वर्गात आम्हाला वृद्धनिवास कसे असावेत ते शिकवतात. वस्तीत आले की लोक म्हणतात, आईबापाला आश्रमात टाकणे यासारखे पाप नाही. मग मी शिकते ते काय पाप शिकते?"

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, अशी प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे. म्हणजे बाप मेल्यावर भाताचा गोळा ठेवून ऋणातून मोकळे होण्याची पळवाट आपण स्वतःच बंद केली. जे काही करायचे ते तो जिवंत असताना. तेव्हा काय करायचे, आणि ते कोणत्या पायावर, याचा विचार इतरांपेक्षा आपल्याला अधिक करावा लागेल.

"पूर्वी म्हाताऱ्यांना केवढा मान होता!" हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. खरे काय होते? अमेरिकेतील सर्जन अतुल गवांदे यांनी 2014 साली म्हातारपण आणि मृत्यू यांवर लिहिलेल्या पुस्तकात आपल्या आजोबांची हकीकत सांगितली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उटी गावचे हे शेतकरी जवळजवळ 110 वर्षे जगले. शंभरी गाठली तरी रोज रात्री घोड्यावर बसून शेताला फेरी मारण्याचा त्यांचा नेम होता. तोल जाऊन पडतील अशी मुलांना भीती वाटे. पण मुलांनी फेरी बंद केली नाही. लहान चणीचा घोडा आणला आणि सोबतीला माणूस दिला.

हकीकत मोठी सुंदर आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे दोनशे एकरांहून अधिक जमीन. ती त्यांनी गरिबीतून वर येऊन स्वकष्टाने मिळविली, याबद्दल आदरच आहे. पण सातबारा ज्याच्या नावावर, त्याचा शब्द घरात शेवटपर्यंत चालतो, हेही तितकेच खरे. मग ज्या म्हातारीने जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदणी केली आणि कंबर वाकल्यावर जिला कोणी मजुरीलाही बोलावले नाही, तिच्या मानाचे काय? तिच्याजवळ वाटून द्यायला काही नव्हते. गावगाड्याने म्हाताऱ्यांना मान दिला असे म्हणताना कोणत्या म्हाताऱ्यांना, हे विचारायला आपण विसरू नये. आणि त्या मानामागे घरातल्या सुनांचे किती कष्ट होते तेही.

कायद्याने तरी हा पाया बदलला काय? आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा 2007 साली झाला. त्याने मुलांवर आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी घातली, हे चांगलेच झाले. पण ज्याला मूलबाळ नाही त्याची जबाबदारी कोणावर? तर त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा पुढे ज्याला मिळणार आहे, त्या नातेवाइकावर. मालमत्ताच नसेल तर? त्याच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम सरकारने काढावा असे कलम आहे. तेही सक्तीचे नाही. म्हणजे पुन्हा जमीनजुमलाच!

तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात हे नाते वेगळ्या रीतीने मांडले आहे. मुलांची आईवडिलांप्रती कर्तव्ये आहेत, तशीच आईवडिलांची मुलांप्रतीही आहेत. एवढेच नव्हे, मालकाने नोकराला झेपेल एवढेच काम द्यावे, तो आजारी पडला तर शुश्रूषा करावी, हेही त्यातच आहे. तिथे दोन्ही बाजूंनी माणूस आहे. देणाऱ्याने उपकार करावे आणि घेणाऱ्याने मान खाली घालावी, असा तो व्यवहार नाही.

आता वृद्धनिवासाकडे वळू. हॉलंडमधील डेव्हेंटर शहरात ह्युमनिटास नावाचा वृद्धनिवास आहे. तिथे सुमारे 160 वृद्ध राहतात आणि त्यांच्याबरोबर काही विद्यार्थीही. विद्यार्थ्यांना भाडे पडत नाही. त्याच्या बदल्यात महिन्याला 30 तास त्यांनी चांगला शेजारी व्हायचे. औषधपाणी करणे हे त्यांचे काम नाही. बरोबर जेवायचे, खेळाचे सामने पाहायचे, वाढदिवस करायचे, कोणाला संगणकावर पत्र लिहायला शिकवायचे. एका पोराला खोली हवी, एका आजीला बोलायला माणूस हवे. दोघांची गरज उघड आहे, म्हणून कोणी कोणाचा दाता नाही. मला तरी यात मैत्री या शब्दाचा अर्थ पुष्कळ प्रवचनांपेक्षा स्पष्ट दिसतो.

2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी वार्धक्याचा जो अर्थ सांगितला, त्यात रोग मुळीच नसणे ही अट नाही. माणसाला ज्या गोष्टी मोलाच्या वाटतात त्या करता येणे, हे त्यात मुख्य आहे. ही क्षमता अर्धी शरीरात असते आणि अर्धी भोवतालच्या घरात. आपल्या घरांकडे या दृष्टीने पाहा. संडास बाहेर, वाटेत अंधार. म्हणून म्हातारी संध्याकाळपासून पाणीच पीत नाही आणि मग आजारी पडते. आपण म्हणतो, वय झाले. तिथे एक दिवा, भिंतीला धरायला एक लोखंडी दांडा, एवढा खर्च बहुतेकांना झेपेल. तिची खाट दाराशी असावी की आत, दूरदर्शन किती वाजता बंद व्हावे, पेन्शनचे पैसे कोणाच्या हातात असावेत, हे मात्र फुकटात विचारता येते. किती घरांत विचारतात? मुलाजवळ राहूनही जिला काही विचारले जात नाही, ती आश्रमातच आहे.

उलट घर लहान आहे, मुलगा-सून दोघे कामावर जातात आणि आजारी माणूस दिवसभर एकटा पडतो, अशा वेळी चांगला निवास शोधण्यात लाज कसली? फक्त तो पाहायला जाताना म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यावे. खोलीची कडी आतून लावता येते का, मनात आले तर बाहेर फिरून येता येते का, नातवंडे कधीही येऊ शकतात का, बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर लावू देतील का, हे तिथल्या व्यवस्थापकाला त्यांनाच विचारू द्यावे. आणि त्यांनी नको म्हटले तर त्यांना घेऊन परत यावे.