अपत्यप्रेम : दान की उचल?

प्रभूच्या कृपेने नाताळाचा सण पार पडला. घरांवरील ताऱ्यांचे कंदील उतरले, फराळाचे डबे रिकामे झाले, आणि सणासाठी वसतिगृहांतून घरी आलेली लेकरे आपापल्या शाळांस परत जाऊ लागली आहेत. अशा समयी आईबापांच्या मनात घराचे सुनेपण आणि नव्या वर्षाची आशा ही दोन्ही एकत्र नांदतात. आम्हीही लेकरे वाढवीत आहो. म्हणून या आशेविषयी दोन शब्द वाचकांपुढे ठेवितो. आईबाप लेकराविषयी जी आशा धरितात, ती लेकरासाठी असते की स्वतःसाठी?

हा भेद समजण्यास खानदेशातील वाचकांस पुस्तकी दृष्टांत नको. धुळे व जळगाव जिल्ह्यांतून पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात, ती उन्हाळा लागता परततात. नवरा व बायको मिळून एक ‘कोयता’ धरिला जातो, आणि निघण्यापूर्वी मुकादम त्यांस उचल देतो. पैसा हाती पडतो तेव्हा तो भेटीसारखा वाटतो. परंतु पुढे तोडलेल्या उसाच्या प्रत्येक टनातून तो वळता होतो, आणि फिटला नाही तर पुढल्या हंगामाच्या डोक्यावर बसतो. दान दिले म्हणजे देणाऱ्याचा हक्क संपतो. उचल दिली म्हणजे त्याचा हक्क सुरू होतो. दोहोंत भेद एवढाच, पण तो मोठा आहे.

आता आपले प्रेम यांपैकी कोणत्या जातीचे? विचारले असता सर्वच म्हणतील की ते दान आहे. तथापि घरातील बोलणे ऐकावे. “तुझ्यासाठी आम्ही अर्धपोटी राहिलो, म्हणून आम्ही सांगू तेच शिक्षण घे. म्हणून आम्ही ठरवू तेथेच लग्न कर. म्हणून शाळा सोड आणि कापूस वेचावयास चल.” या ‘म्हणून’ शब्दापाशी वही उघडली जाते, आणि आईबापांचा मुकादम होतो.

येथे कोणी पाचव्या आज्ञेचे स्मरण देईल, आणि ते योग्यच आहे. आईबापांचा मान राखावा ही देवाची आज्ञा आहे, आणि देवार्पणाचे निमित्त सांगून वृद्ध आईबापांस टाळणाऱ्यांस प्रभूने कठोर शब्दांत दोष दिला. आमचे म्हणणे असे नाही की लेकराकडे काही देणे नाही. देणे आहे, पण ते वसूल करण्याचा अधिकार आईबापांस दिलेला नाही. आज्ञा लेकरास आहे, आणि तिचा जाब तो देवाला देईल. पौलाने करिंथकरांस लिहिताना हा ओघ स्पष्ट केला आहे : साठवण आईबापांनी लेकरांसाठी करावयाची असते, उलट नव्हे. वधस्तंभावरून येशूने आपल्या आईची सोय लावली, ती तिने मागितली म्हणून नव्हे.

नाताळाची कथा हेच शिकविते. मरीया व योसेफ बाळास घेऊन मंदिरात गेली, तेव्हा ज्यांस कोकरू देण्याची ऐपत नसे त्यांच्यासाठी नेमलेली पाखरांची जोडी त्यांनी अर्पिली. अशा गरीब घरात मोठ्या आशा वाढण्यास किती जागा! परंतु त्याच दिवशी शिमोनाने त्या आईस पुढील दुःखाची सूचना दिली. हे लेकरू तुझे उत्पन्न नव्हे, हे तिला आरंभीच कळविण्यात आले. आणि तरीही तिने त्यास वाढविले.

आपल्या मुलखातही अशा माता होऊन गेल्या. जळगावाजवळील आसोदे येथे १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांस अक्षरओळख नव्हती. जात्यावर व शेतात त्या जी गाणी रचीत, ती त्यांचे पुत्र सोपानदेव व एक आप्त यांनी लिहून ठेविली. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात निवर्तल्या आणि पुस्तक १९५२ साली निघाले. ते पाहावयास त्या राहिल्या नाहीत. साने गुरुजींची आई १९१७ साली, मुलगा मिळवता होण्यापूर्वीच वारली. तोच मुलगा १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरास शिक्षक होता आणि तेथील छात्रालयातील परक्या मुलांची आईप्रमाणे काळजी वाहत होता. पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्याने ‘श्यामची आई’ लिहिले. आईने दिलेले आईकडे परत गेले नाही, ते इतरांच्या लेकरांस मिळाले. उचल मागे वळते. दान पुढे वाहते.

ज्याची चूल हंगामाशिवाय पेटत नाही, त्यास हे सांगणे सोपे आणि त्यास आचरणे कठीण, हे आम्ही जाणतो. म्हणून हा भार एकट्या आईबापांवर टाकून मंडळीने मोकळे होऊ नये. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला असून तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आहे. दुसऱ्या गावी गेलेल्या लेकराचा दाखला उशिरा आला, एवढ्यावरून त्यास तेथील शाळेने प्रवेश नाकारू नये, असेही त्यात आहे. हे पुष्कळ आईबापांस ठाऊक नसते; गावोगावच्या उपदेशक बंधूंनी ते त्यांस सांगावे. ज्या घरी म्हातारी आजी नातवंडांस घेऊन मागे राहिली आहे, तेथे मंडळीतील कोणी रोज सायंकाळी जाऊन लेकरू शाळेत गेले की नाही एवढे विचारावे. ज्यांस शक्य आहे त्यांनी एका लेकराच्या भाकरीचा भार हंगामापुरता उचलावा. त्याची वही मात्र ठेवू नये.

आणि आईबापहो, नव्या वर्षी लेकराविषयी आशा अवश्य धरा. आशेवाचून कोणी शेत पेरीत नाही. परंतु लेकरासाठी प्रार्थना करताना त्याने आपणांस काय द्यावे हे देवास सांगू नका; आपण त्यास आणखी काय देऊ शकतो हे विचारा. मुलीच्या लग्नाची घाई, मुलाच्या मजुरीचा हिशेब, शेजाऱ्याच्या मुलाशी तुलना, ही जुन्या वर्षातच राहू द्या. लेकरू मोठे होऊन आपणांस सांभाळील तर देवाचे आभार मानू. न सांभाळील तर दुःख होईल, आणि ते खरे दुःख असेल. तरी आपण दिलेले दान होते, ते व्यर्थ गेले असे होत नाही.

ज्या पित्याने आपला पुत्र दिला आणि त्याची वही ठेविली नाही, तो आपणां सर्वांच्या लेकरांस या नव्या वर्षी सुखरूप राखो. आमेन.