नव्या कंडेन्सरनंतरचं हमिंग

चि. ओंकार,


रेडिओ लागला, मुंबई केंद्र आलं, पण मागे सतत ‘घूंऽऽ’ चालू आहे, आणि आता कुठला पार्ट बदलू असं तू विचारतोस. सध्या कुठलाच नको. कंडेन्सर बदलण्यापूर्वी आवाज इतका नव्हता, हे तुझंच वाक्य. मग आधी तुझं काम तपासू. कारखान्यातल्या जुन्या कारागिराच्या कामाकडे नंतर वळू.

व्हॉल्यूम पूर्ण उतरव आणि ऐक. घूं तशीच राहिली, तर दोष सप्लायमध्ये, आउटपुटच्या ईएल ८४ व्हॉल्व्हमध्ये किंवा तिच्या आधीच्या ईबीसी ८१ मध्ये. व्हॉल्यूमबरोबर वाढली, तर ती कंट्रोलच्या आधी शिरते आहे. तिथल्या शील्डेड वायरची जाळी अर्थला नीट जोडली आहे का ते बघ. फक्त स्टेशन लागल्यावरच येत असेल, तर ती वेगळी जात, मेन्समधून रेडिओ लहरींच्या वाटेने येणारी. आणि एलईडी दिवा किंवा मोबाइलचा चार्जर बंद केल्यावर गेली, तर रेडिओ उघडूच नकोस.

तुझ्या सेटला ट्रान्सफॉर्मर आहे, त्यामुळे स्विच बंद करून ईबीसी ८१ काढ आणि पुन्हा चालू कर. घूं गेली, तर ती व्हॉल्व्ह किंवा तिचं वायरिंग. राहिली, तर सप्लाय नाहीतर आउटपुट. (यू मालिकेच्या व्हॉल्व्ह असलेल्या सेटमध्ये हे करता येत नाही. तिथे सगळे फिलामेंट सीरिजमध्ये असतात, एक काढली की सगळ्या विझतात. शिवाय चासीत मेन्सचा करंट असू शकतो. त्या सेटना तू तूर्त हात लावू नकोस.)

माझा संशय मात्र मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर आहे. जुना ॲल्युमिनियमचा कॅन चासीवर फायबरच्या वॉशरवर बसवलेला होता का, आठव. बऱ्याच सेटमध्ये त्याचा निगेटिव्ह थेट चासीला नसतो. तो ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपला जातो आणि टॅप व चासी यांच्यामध्ये एक छोटा रेझिस्टर असतो. त्यावर पडणारे व्होल्ट हेच ईएल ८४ चं बायस. नवा कंडेन्सर सवयीने चासीला सोल्डर केला, की चार्जिंगचा प्रत्येक धक्का त्याच रेझिस्टरमधून जातो आणि सेकंदाला शंभर वेळा बायस हलतं. ही चूक अनुभवी मेकॅनिकही करतात, कारण सर्किट डायग्राम काढून बघायचा कंटाळा.

मोठा म्हणून २२० मायक्रोफॅरड टाकायचा तुझा विचार सोडून दे. रेक्टिफायर व्हॉल्व्ह ईझेड ८० च्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. तिथे ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा घाल. जुना मात्र सर्किटमधून पूर्ण सोडव. नुसता शेजारी नवा लटकवलास, तर जुन्याची गळती चालूच राहते. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारलंस तर नवा मिळेल.

ईएल ८४ च्या ग्रिडला येणारा मेणकागदी कपलिंग कंडेन्सर बदलला नसशील, तर तो बदल. तो गळका झाला की व्हॉल्व्ह जादा करंट ओढते, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि फिल्टरिंग कितीही चांगलं असलं तरी अपुरं पडतं. शेवटी फिलामेंटच्या वायरी एकमेकींना पीळ घालून चासीच्या कडेला बसव, ईबीसी ८१ च्या ग्रिडपासून लांब. चालू सेटमध्ये वायर सरकवायची तर सुकी बांबूची काडी वापर, बोट नाही, आणि एक हात खिशात ठेव.

सेट बंद केल्यावरही फिल्टरमध्ये अडीचशे व्होल्टहून जास्त राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर क्लिपच्या वायरने जोडून डिस्चार्ज कर, मीटरने शून्य बघ, मग आत हात घाल. आणि कॅनचा निगेटिव्ह कुठे जोडला आहेस, त्याचा फोटो मला आधी पाठव.

तुझा,
सुधाकरमामा