फळ न देणारे झाड

२०२५ च्या उपवासकाळातील तिसऱ्या रविवारी आपण मिस्सामध्ये अंजिराच्या झाडाचा दाखला ऐकला (लूक १३:६-९). तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला निघतो आणि माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. हा दाखला ऐकला की मला दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहर आठवते.

माझा भाचा तिथे नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असताना एक दिवस आम्ही सर्वजण तिथल्या बोटॅनिक गार्डनला गेलो. समुद्रकाठचे शहर, हवा आपल्या वसईसारखीच दमट. बाग १८४९ सालची, आफ्रिकेतील आज टिकून असलेल्या अशा बागांमध्ये सर्वात जुनी. ऑर्किडचे घर पाहिले, तळे पाहिले, डबा खाल्ला. पण माझ्या मनात राहिले ते एकच झाड.

लांबून ते माडाच्या जातीचे वाटते, पण माड नव्हे. समारंभाच्या सजावटीला आपण ज्याची पाने वापरतो त्या सायकसचे ते दूरचे नातलग. या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी असते. १८९५ साली या बागेचे प्रमुख जॉन मेडली वुड यांना झुलूलँडमधील ओन्गोये जंगलात या जातीचा एकच पुंजका सापडला, तोही नराचा. त्यांच्याच नावावरून झाडाला ‘वुडी’ म्हणतात. १९०३ मध्ये त्याची पिले बागेत आणली, १९०७ मध्ये मोठे बुंधेही आणले. जंगलातला शेवटचा बुंधा १९१६ मध्ये प्रिटोरियाला हलवला, तो १९६४ साली मेला. मादी आजवर कुणालाही सापडलेली नाही. अलीकडे ड्रोन उडवूनही शोध घेतला गेला. जगभरच्या बागांत आज जे वुडी आहेत ते सर्व त्या एकाच झाडाच्या पिलांपासून वाढवलेले आहेत, आपण केळ लावतो तसे. त्याला मोठी केशरी कणसे येतात, पण आपल्या जातीचे बी कधीच धरत नाही.

हे सर्व ऐकून भाच्याच्या लहान मुलीने विचारले, “आजोबा, मग याचा उपयोग काय?”

मला उत्तर सुचले नाही. सुचले नाही म्हणण्यापेक्षा, मी मनाने तिथे नव्हतोच. काही वर्षांपूर्वी एका बारशाच्या जेवणाला मी आमच्या समूहातील एका सुनेला सगळ्यांसमोर हसत विचारले होते, “बाय, तुमचा पाळणा कधी हलणार?” लग्नाला आठ वर्षे झाली होती त्यांच्या. ती हसली. त्यानंतर ती समूहाच्या रोझरीला यायची बंद झाली. का, हे मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मुलीच्या प्रश्नाला पुस्तकी उत्तर देता आले असते. वुडीचे पराग जवळच्या दुसऱ्या जातीच्या मादीला देऊन संकर करतात, म्हणजे उपयोग आहे! पण असे उत्तर देणे म्हणजे तो प्रश्नच मान्य करणे. ज्याचा उपयोग दाखवता येत नाही त्याचे मग काय करायचे?

कुणी म्हणेल, फादर आणि सिस्टर यांनाही मुलेबाळे नसतात, तरी त्यांचे जीवन फलदायी आहेच ना? खरे आहे. पण त्यांनी ते व्रत आपणहून घेतले. ज्यांनी मूल मागितले, नोव्हेना केल्या, डॉक्टर केले आणि तरी पदर रिकामा राहिला, त्यांना हे उदाहरण देऊन भागत नाही. त्यांच्यासाठी बायबलमध्ये वेगळा शब्द आहे. ज्यांना संतती होणे शक्य नाही अशांनी स्वतःला वाळके झाड समजू नये, असे परमेश्वर यशयाच्या तोंडून सांगतो. मुलामुलींनी चालवलेल्या नावापेक्षा मोठे नाव तो त्यांना आपल्या मंदिरात देऊ करतो (यशया ५६:३-५). हा उतारा आपण बारशाच्या जेवणात आठवत नाही.

आणि अंजिराचा दाखला? तो मूलबाळ नसलेल्यांना उद्देशून नाहीच. त्याच्या आधीच्या ओळी वाचा, प्रभू येशू पश्चात्तापाविषयी बोलत आहे. त्या रविवारी बाकावर बसून मी मात्र माझी तीन मुले आणि पाच नातवंडे मनात धरून स्वतःला फळांनी लगडलेले झाड समजत होतो. माळ्याने एक वर्ष मागितले होते ते कुणासाठी, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

दरबानचे माळी तर वर्षाची मुदतही घालत नाहीत. १९०३ पासून, फळ येणार नाही हे माहीत असूनही, ते त्या झाडाच्या मुळाशी पाणी घालत आले आहेत.

त्या सुनेचे घर माझ्या वाडीच्या वाटेवरच आहे. अजून मी तिथे गेलेलो नाही.