बांधापलीकडचा भाऊ

पवित्र मिस्सेत प्रभूची प्रार्थना झाली की ख्रिस्तप्रसाद घेण्याआधी फादर एकमेकांना शांती द्यायला सांगतात. आमच्या वसईच्या चर्चमध्ये सगळे हात जोडून शेजाऱ्याकडे, मागच्या बाकाकडे वळतात. हात जोडून शांती देण्याच्या या भारतीय पद्धतीला रोमने १९६९ साली मान्यता दिली. हे सगळं अर्ध्या मिनिटात आटोपतं. पण अख्ख्या मिस्सेत मला अवघड वाटतं ते हेच.

कारण मागच्या बाकावर कुणी बसावं हे आपण ठरवत नाही. वसईत एकाच विहिरीचं पाणी प्यालेली माणसं एकाच चर्चमध्ये येतात. जमिनीचे भाव चढले, केळीच्या बागा विकल्या जाऊ लागल्या आणि भावाभावांत वाटणीचे दावे उभे राहिले. माझे वडील आणि मोठे काका बांधावरून बोलेनासे झाले होते. रविवारची मिस्सा दोघंही चुकवत नसत. संध्याकाळी दोन्ही घरांत रोझरी होई, इकडचं तिकडे ऐकू येई. शांती देताना मात्र वडील समोर वेदीकडेच बघत राहत.

एका उपवासकाळात ते पापनिवेदन करून आले. फादर काय म्हणाले, हे आम्ही विचारलं नाही. ते विचारायचं नसतं. त्याच संध्याकाळी काकांकडे रोझरी सुरू असताना वडील जाऊन मागे गुडघे टेकून बसले. प्रार्थना संपली, काकीने चहा ठेवला, काकांनी पावसाळ्यापूर्वी कौलं बदलायचा विषय काढला. बांधाबद्दल कुणी बोललं नाही. पुढे मोजणी झाली तेव्हा वडिलांच्या वाट्याला थोडी कमीच जमीन आली. त्यांनी ती मान्य केली.

मत्तयच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो, की वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. इथं माझ्या मनातल्या रागाविषयी विचारलेलंच नाही. चूक कुणाची, हेही नाही. भावाचं मन दुखावलेलं आहे, एवढं कारण पुरेसं धरलं आहे. मला हे फार कठोर वाटतं, आणि खरंही.

‘मी आणि माझा देव, मध्ये कुणी नको’ असं आजकाल बरेच जण म्हणतात. कॅथलिक श्रद्धेत ही सोयच नाही. स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः करता येत नाही. पोपनाही पापनिवेदनासाठी दुसऱ्या धर्मगुरूपुढे जावं लागतं. याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. मदर तेरेसांच्या सिस्टर्स रस्त्यावरच्या आजाऱ्यांची सेवा करतात आणि रोज तासभर पवित्र साक्रामेंतापुढे बसतात. तो तास सेवेतून वाचवलेला वेळ नव्हे. सेवेचं बळ त्यांना तिथूनच मिळतं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आम्हांला ‘सुबोध बायबल’ दिलं आणि वसईची हिरवाई वाचवायला ते रस्त्यावरही उतरले. त्या लढ्यात त्यांच्यासोबत सगळ्या धर्मांचे वसईकर होते. भाऊ म्हणजे फक्त आपल्या चर्चमधला, असं आम्हांला त्यानंतर कधी म्हणता आलं नाही.

माझ्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक हिंदू आजी एकट्या राहतात. उपवासकाळातल्या शुक्रवारी क्रूसाची वाट करून परतताना मी त्यांची औषधं आणते, थोडा वेळ बसते. त्या मुलाविषयी बोलतात, मी ऐकते. चर्चमध्ये सुरू केलेली प्रार्थना तेव्हाही चालूच असते, असं मी मानते.