पिशवीची पत

शहरातल्या कुठल्याही मोठ्या, वातानुकूलित किराणा दुकानाच्या दाराशी थोडा वेळ उभे राहावे आणि आत जाणाऱ्यांच्या हातात काय आहे एवढेच बघावे. खांद्यावर चामड्याची किंवा चामड्यासारखी दिसणारी पर्स असेल तर सुरक्षारक्षक तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. पाठीवर लॅपटॉपची सॅक असेल तर तिच्या चेनला प्लास्टिकची पट्टी लावून तो माणसाला आत सोडतो. पण हातात घडी घातलेली, कडेला जराशी उसवलेली, कधीकाळी एखाद्या कापडदुकानाने दिलेली पिशवी असेल तर तो बाजूच्या फळीकडे बोट दाखवतो. तिथे ठेवा, टोकन घ्या. त्याच भिंतीवर बहुधा फलक असतो : 'येताना आपली पिशवी सोबत आणा.'

चोरीची भीती म्हणावी, तर रिकाम्या पिशवीपेक्षा पर्समध्ये कितीतरी जास्त लपवता येते. हे रक्षकालाही कळते. त्याला कोणी पिशव्यांची प्रतवारी लिहून दिलेली नसते. दिवसभर दारात उभा राहून तो माणसे जोखतो आणि त्यासाठी आपण सगळे जी मापे वापरतो तीच वापरतो. कपड्यांवरून, चपलांवरून, गाडीवरून माणसाची ऐपत ठरवली जाते, हे आपण निदान कबूल तरी करतो. पिशवीबद्दल कोणी बोलत नाही, आणि तिच्यावरून माणसाची किंमत मात्र रोज होते.

पिशवी पुन्हा वापरा असे सांगणाऱ्या आपल्या सगळ्या मोहिमा या न बोललेल्या गोष्टीला अडखळतात असे मला वाटते. पिशवी किती दिवस टिकणार हे तिच्या शिवणीवर ठरते खरे, पण त्याहून जास्त ते ती हातात धरून चारचौघांत जाताना आपल्याला संकोच वाटतो की नाही यावर ठरते.

मराठी मध्यमवर्गीय घरात ही प्रतवारी कोणाला शिकवावी लागत नाही. कपाटात, गादीखाली आणि स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अशा तीन ठिकाणी पिशव्या असतात, आणि कोणती कुठली हे घरातल्या शेंडेफळालाही माहीत असते. सराफाकडून मिळालेली, चेन असलेली छोटी मखमली पिशवी कपाटात. ती हळदीकुंकवाला, देवळात, बँकेच्या लॉकरला जाताना निघते. बस्त्याबरोबर आलेल्या, जाड कागदाच्या आणि दोरीच्या बंदांच्या पिशव्या गादीखाली, सपाट राहाव्यात म्हणून. खिळ्याला मांजरपाटाची, नायलॉनची, एखादी जुन्या परकराची घरी शिवलेली. भाजी, दळण, इस्त्रीचे कपडे यांची ये-जा तिच्यातून. सहल कंपनीची बॅग या तिन्हींच्या बाहेरची. तिच्यावरचे नाव लांबून वाचता येते आणि सहलीनंतरही ती कित्येक वर्षे गावी जाताना, दवाखान्यात डबा नेताना बाहेर पडते. चेन बिघडली तर लोक ती चांभाराकडून बदलून घेतात. साध्या पिशवीवर एवढा खर्च कोणी करत नाही.

गादीखालच्या पिशव्यांपाशी जरा थांबायला हवे. पुण्यात लक्ष्मी रोडवरच्या नामांकित दुकानाची पिशवी, आणि आत तुळशीबागेतून किंवा गावच्या बाजारातून घेतलेली साडी, असा आहेर ज्याने पाहिला नाही असे मराठी घर विरळाच. घेणारी बाई पिशवीवरचे नाव बघते, मग पदर दोन बोटांत धरून बघते, आणि तिला कळते. हिला कळले आहे, हे देणारीलाही कळते. तरी दोघी पिशवीविषयी शब्द काढत नाहीत. रंगाचे कौतुक होते, 'अगं, कशाला एवढं' होते. रिकामी पिशवी घडी होऊन दुसऱ्या गादीखाली जाते आणि पुढच्या लग्नसराईत तिसऱ्याच घरी पोचते.

यात फसवणूक आहे असे मला मुळीच वाटत नाही. हात आखडता असलेल्या नातेवाइकाला भरल्या मांडवात ताठ मानेने आहेर करता यावा म्हणून बायकांनी, कधीही एकत्र बसून न ठरवता, केलेली ही सोय आहे. यात कागद वाचतो आणि माणसाची अब्रूही राहते. शेजारणीचे भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर घालावी, या रीतीइतकाच यात जिव्हाळा आहे.

याच्या अगदी उलट, काही पिशव्यांवर नाव नसलेलेच बरे मानले जाते. कोकणात आणि गोव्यात मासळीची पिशवी वेगळी असते. बाजारातून आल्यावर ती धुतात, उलटी करून मागच्या दारी उन्हात टाकतात. तिथे तिची कोणाला लाज नाही. पण शाकाहारी शेजार असलेल्या मुंबई-पुण्याच्या सोसायटीत तीच पिशवी दुसऱ्या पिशवीच्या पोटात जाते, वर कोथिंबिरीची जुडी दिसेल अशी. औषधाच्या दुकानात सॅनिटरी पॅडचा पुडा आधी वर्तमानपत्रात आणि मग काळ्या पिशवीत घालून दिला जातो. दारूच्या दुकानातही तीच काळी पिशवी. २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर इतर रंग निदान मोठ्या दुकानांतून हटले, काळा रंग मात्र अजून सर्रास दिसतो. ती स्वस्त पडते हे एक कारण झाले. पण लोकांना ती हवी असते ती माल झाकण्यासाठी. मासळी, मटण आणि पाळी झाकायची गरज वाटते तोवर कोणी ना कोणी काळी पिशवी पुरवणारच. पर्यावरण खात्याच्या नियमावलीत या गोष्टीला जागा नाही, कारण हा प्रश्न जातीचा आणि बाईच्या शरीराविषयीच्या संकोचाचा आहे.

पिशवीवरचे नाव आणखी एक गोष्ट सांगते. सराफाचे नाव सांगते की हिने विकत घेतले. सरकारी पिशवीवरचे चेहरे सांगतात की हिला मिळाले. २०२२च्या दिवाळीत राज्य सरकारने 'आनंदाचा शिधा' सुरू केला : शंभर रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो, आणि एक लिटर पामतेल. सणाला प्रत्येक घरात गोडधोड व्हावे ही कल्पना चांगलीच होती. पण तो शिधा ठेवला होता नेत्यांची छायाचित्रे छापलेल्या पिशवीत. शिधा आठ-पंधरा दिवसांत संपतो. पिशवी त्यानंतर आठवडी बाजारात, एसटीत, सरकारी दवाखान्याच्या रांगेत हिंडत राहते आणि ती धरणारीच्या घरात कोणती शिधापत्रिका आहे हे सगळ्या एसटीला सांगत राहते. अशा छापील पिशव्या उलट्या करून वापरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. शिवणीचे दोरे बाहेर लोंबलेले चालतात, चेहरे आत गेले पाहिजेत. त्यावर कोणी भाषण करत नाही. घरी पोचल्यावर पहिले काम म्हणून पिशवी उलटी होते, एवढेच.

शहरी ग्राहकाने हेच भांडण कोर्टकचेरीत नेले आणि जिंकले. २०१९मध्ये चंडीगडच्या ग्राहक मंचापुढे एकाने तक्रार केली की बुटांच्या दुकानाने पिशवीचे तीन रुपये लावले आणि वर त्याच पिशवीवर स्वतःचे नाव छापले, म्हणजे माझ्याच पैशाने माझ्याकडून जाहिरात करून घेतली. मंचाने ते ग्राह्य धरले आणि कंपनीला सगळे मिळून नऊ हजार रुपये भरायला लावले. पुढल्या वर्षी राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही, एका मोठ्या साखळी दुकानाच्या प्रकरणात, आधी कल्पना न देता बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. तीन रुपयांसाठी नव्हे, तत्त्वासाठी लढलेल्या त्या ग्राहकाबद्दल मला आदर आहे. मात्र सणाच्या शिध्यासोबत नेत्यांची जाहिरात अंगावर वागवणाऱ्या बाईने कोणत्या मंचाकडे जावे, हे मला कोणी सांगावे.

साधी पिशवी प्रतिष्ठेची झाली असेही आपल्याकडे घडले आहे. सत्तरच्या दशकातल्या कार्यकर्त्यांच्या, कवींच्या, कॉलेजातल्या पोरापोरींच्या खांद्यावरची शबनम आठवावी. जाडेभरडे कापड, लांब पट्टा, आत दोन पुस्तके आणि एखादे पत्रक. तिला मान होता, कारण ती धरणाऱ्याने चामड्याची बॅग नाकारली आहे असे गृहीत धरले जाई. त्याच काळात तशाच कापडाची पिशवी घेऊन कामावर जाणाऱ्या गिरणी कामगाराला त्या पिशवीने काही मान मिळवून दिला नाही. त्याने काही नाकारले असेल, असे कोणाच्या मनातही येत नव्हते.

हीच गोष्ट आता समुद्रापार विकली जाते. २०२५मध्ये अमेरिकेतल्या नॉर्डस्ट्रॉम या बड्या दुकानाच्या संकेतस्थळावर एका जपानी कंपनीची पिशवी विक्रीला आली. आपल्याकडच्या मिठाई-फरसाणाच्या दुकानांची नावे हिंदीत छापलेली, साधी, दोन बंदांची. किंमत ४८ डॉलर, म्हणजे चार हजार रुपयांच्या घरात. इथे तिच्यावर भरपूर विनोद झाले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. खिळ्यावरची पिशवी खिळ्यावरून काढून ती ज्यांच्याकडे निवड आहे त्यांच्या खांद्यावर दिली की तिची किंमत वाढते, हे त्या व्यापाऱ्याला नीट कळले होते. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत बासमती तांदळाची चेनवाली पिशवी जपून ठेवतात. गणपतीच्या जेवणाला पातेली त्यातून जातात, ऑफिसला डबा मात्र त्यातून जात नाही. देश बदलला तरी कोणासमोर कोणती पिशवी काढायची याचा हिशेब सुटत नाही.

आता कायद्याकडे येऊ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या नाल्यांतल्या पिशव्या सगळ्यांना दिसल्या. त्यानंतर राज्यात पिशवीला किमान ५० मायक्रॉन जाडीची अट आली. २३ मार्च २०१८च्या अधिसूचनेने तर प्लास्टिकच्या पिशव्यांवर सरसकट बंदी घातली. पहिल्यांदा सापडल्यास पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. त्यानंतरच्या संक्रांतींना वाण म्हणून कापडी पिशव्या वाटल्या गेल्या, बचत गटांना शिवणकाम मिळाले. हे चांगले झाले. पण दुकानदारांनी 'कापडी' म्हणून जी पातळ, खरबरीत, रंगीत पिशवी हातात ठेवली ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच होती. केंद्राने सप्टेंबर २०२१च्या अखेरीस तिलाही किमान ६० जीएसएमची, म्हणजे कापडाच्या दर चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची, अट लावली.

आणि अस्सल सुती पिशवी? डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८मध्ये हिशेब मांडला. साध्या प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत सुती पिशवी केवळ हवामानाच्या दृष्टीने बरोबरीला यायची तर ५२ वेळा वापरायला हवी. सगळे पर्यावरणीय परिणाम धरले, तर ७,१०० वेळा. कापसाला पाणी, खत, फवारणी लागते, विदर्भ-मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको. नाल्यात, समुद्रात अडकणाऱ्या प्लास्टिकचा त्रास त्या हिशेबात मोजलेला नाही, म्हणून तो आपल्या मुंबईला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी ५२ हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. आठवड्यातून एकदा दळणाला जाणारी पिशवी तो वर्षभरात गाठते. संमेलनात, परिषदेत, मॅरेथॉनला मिळालेली, छान छापलेली सुती पिशवी कपाटात तशीच पडून राहते, आणि पुढच्या कार्यक्रमात तिच्या जोडीला दुसरी येते. पर्यावरणाचे खरे काम घरातली सगळ्यात कमी पत असलेली, खिळ्यावरची पिशवी करते. बंदांना दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने टाके घालून ती चालवणाऱ्या बाईला कोणी पर्यावरणवादी म्हणत नाही. तिला काटकसरी म्हणतात, आणि तेही कधीकधी नाक मुरडून.

बसथांब्याजवळच्या भाजीवालीकडे हे सगळे रोज एकत्र येते. तिच्या हातगाडीच्या दांड्याला वापरलेल्या पिशव्यांचा एक गठ्ठा बांधलेला असतो. नेहमीची गिऱ्हाइके घरातल्या जास्तीच्या पिशव्या घडी घालून तिला आणून देतात. संध्याकाळी कचेरीतून थेट उतरलेल्या, हात हलवत आलेल्या माणसाला ती त्यातली एक देते. त्याला पिशवी घेऊन घराबाहेर पडायला कमीपणा वाटतो, तिला मात्र गिऱ्हाईक परत पाठवणे परवडत नाही. गठ्ठ्यात कापडाबरोबर प्लास्टिकही असते. पालिकेचे पथक आले की दंड तिच्या गाडीवर होतो. पाच हजार ही तिच्या कित्येक दिवसांची कमाई आहे, आणि रिकाम्या हाताने आलेल्या माणसाला कोणी काही विचारत नाही.

पालिकांनी दंडाचे पुस्तक घेऊन तिच्याकडे जाण्याआधी बचत गटांनी शिवलेल्या कापडी पिशव्या तिच्या गाडीवर ठेवाव्यात. वीस रुपये अनामत घ्यावी, पिशवी परत आणली की पैसे परत, आणि धुण्याचा खर्च पालिकेने उचलावा. त्या पिशव्या सगळ्या एकाच कापडाच्या, एकाच मापाच्या असाव्यात. त्यांवर पालिकेचे, नगरसेवकाचे किंवा प्रायोजकाचे नाव छापू नये.