पडद्यावरचा रविवार

मुलाला स्तोत्र पाठ करायला शिकवायचे असेल तर ते काम ऑनलाइन उत्तम होते. शिक्षक एक ओळ म्हणतात, मूल ती पुन्हा म्हणते, उच्चार चुकला तर तिथल्या तिथे दुरुस्त होतो. २०२० नंतर गीतापठणाचे, कुराणपठणाचे वर्ग असे घरोघरी पोचले आणि मुले त्यातून खरोखर शिकली. अडचण आहे ती ज्यांच्याकडे पाठ करून घेण्यासारखे काही नाही त्यांची.

अमेरिकेतल्या युनिटेरियन युनिव्हर्सालिस्ट मंडळींबद्दल मी बोलतो आहे. १९६१ साली दोन जुने पंथ एकत्र येऊन त्यांची संघटना झाली. तिथे सभासद होण्यासाठी कोणतेही मत मान्य असल्याची ग्वाही द्यावी लागत नाही. ईश्वर मानणारे, न मानणारे, ज्यू घरात वाढलेले, बौद्ध पद्धतीने ध्यान करणारे, सगळे रविवारी एकाच उपासनेला बसतात. अशा लोकांनी आपल्या मुलांना धर्म म्हणून काय शिकवायचे, आणि ते पडद्यावरून शिकवता येते का, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे.

मराठी वाचकाला हे घराणे परके नाही. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकले ते युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर. १८६७ साली मुंबईत निघालेला प्रार्थना समाज याच 'उदार धर्मा'चा आपल्याकडचा आविष्कार होता.

उदार धर्मवाल्यांनी मुलांच्या शिक्षणाचा विचार फार लवकर केला. बोस्टनचे विल्यम एलरी चॅनिंग यांनी १८३७ साली रविवारच्या शाळांच्या शिक्षकांपुढे भाषण केले. आपल्या मनाचा ठसा मुलांवर उमटवू नका, त्यांचे स्वतःचे मन जागे करा, असा त्याचा आशय होता. पुढे शंभर वर्षांनी सोफिया लायन फाज या बाईंनी तो विचार प्रत्यक्ष वर्गात उतरवला. त्यांचा जन्म १८७६ साली चीनमध्ये, ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरात झाला. १९३७ पासून त्यांनी युनिटेरियनांसाठी मुलांच्या पुस्तकांची एक मालिका संपादित केली. मेलेला पक्षी पाहून मुलाला पडलेला प्रश्न, घरात जन्मलेले बाळ, वारा, सावली इथून त्यांचे धर्मशिक्षण सुरू होई. जगाच्या आरंभाच्या निरनिराळ्या लोकांच्या कथा त्या एकमेकींशेजारी ठेवत आणि कोणती खरी हे सांगण्याची घाई करत नसत. त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या.

आता या पद्धतीतला शिक्षक काय करतो ते पाहा. तो प्रश्न विचारतो आणि थांबतो. ते थांबणे हेच त्याचे मुख्य काम. एखादे मूल खाली बघत चटईचा धागा ओढत बसते, दुसरे काहीतरी बोलून जाते, तिसरे हसते, आणि मग त्या धागा ओढणाऱ्या मुलाच्या तोंडून वर्गातले सगळ्यात खरे वाक्य बाहेर पडते. झूमवर अशी शांतता झाली की सगळ्यांना वाटते, जोडणी तुटली. शिक्षक घाईने दुसरा प्रश्न टाकतो.

२०२० च्या मार्चमध्ये या मंडळ्यांनी दारे बंद केली आणि रविवारची शाळा पडद्यावर नेली. त्यातून मिळाले ते आधी सांगितले पाहिजे, कारण ते खरे आहे. या उपासनांना एक जुनी खोड होती. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे मुले मोठ्यांबरोबर बसत, एखादी गोष्ट ऐकत, आणि मग प्रवचन सुरू व्हायच्या आधी त्यांना वर्गांकडे पाठवले जाई. आईबापांना मुलांचे प्रश्न कळत नसत आणि मुलांना आईबापांची उपासना दिसत नसे. घरात वर्ग सुरू झाले तेव्हा आई शेजारी बसली. त्यांच्या उपासनेच्या आरंभी एका चषकात ज्योत लावतात. ती आता स्वयंपाकघरातल्या टेबलावर लागू लागली. तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला याचे मोल समजावून सांगायला नको. धर्म घरात आला, आणि दारे पुन्हा उघडल्यावर तो घरातून परत जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

पण एक प्रसंग घ्या. प्रागमधले युनिटेरियन उपदेशक नॉर्बर्ट चापेक यांनी १९२३ साली फुलांची उपासना सुरू केली. प्रत्येकाने एक फूल आणायचे, ते सगळ्यांच्या फुलांत ठेवायचे, आणि जाताना दुसऱ्या कुणीतरी आणलेले फूल घेऊन जायचे. चापेक यांना पुढे नाझींनी पकडले आणि १९४२ साली ठार मारले. त्यांची ही उपासना अमेरिकेत अजूनही वसंताच्या अखेरीस होते आणि मुलांना ती फार आवडते. टाळेबंदीत मुलांनी आपापले फूल कॅमेऱ्यासमोर धरले. चौकटीचौकटींतून फुले दिसली, दृश्य सुंदरच असणार. पण त्या दिवशी प्रत्येक मूल आपलेच फूल आपल्याच घरात घेऊन उरले. देणे दिसले, घेणे झालेच नाही. आणि त्या उपासनेचा सगळा अर्थ तर अनोळखी माणसाचे फूल हातात घेण्यात आहे.

गाण्याचेही तेच. आवाज पोचायला सेकंदाचा काही अंश जरी उशीर झाला तरी सामुदायिक गायन कोसळते. म्हणून एकजण गातो आणि बाकीचे आवाज बंद ठेवून ओठ हलवतात. भजनाला बसलेल्या मुलाला टाळ कधी वाजवायचा हे कुणी शिकवत नाही. शेजारच्याच्या हाताकडे बघत तो ते उचलतो. ज्या धर्माला एक सामाईक ग्रंथ नाही, एक सामाईक देव नाही, त्याच्याकडे सामाईक असे जे काही आहे ते हेच. एकत्र गाणे, एकत्र गप्प बसणे, एकमेकांशी न पटूनही पुढच्या रविवारी शेजारी येऊन बसणे. हा त्या धर्माचा बाह्य उपचार आहे असे कुणी म्हणेल तर मला ते मान्य नाही. मतांची सक्ती काढून टाकल्यावर धर्म म्हणून जे उरते ते हे आहे, आणि तार जोडून ते पाठवता येत नाही.

किशोरवयीन मुलांचा विचार थोडा वेगळा करावा लागतो. या मंडळ्यांत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी एक वर्षभराचा उपक्रम असतो. प्रत्येकाला आईवडील सोडून मंडळीतले एक वडीलधारे माणूस सोबती म्हणून मिळते. त्याच्याशी बोलत, वाद घालत मुलाने 'मी काय मानतो' हे लिहायचे आणि शेवटी सगळ्या मंडळीसमोर उभे राहून वाचायचे. 'मी देव मानत नाही' असेही ते वाचू शकते. सोबत्याशी बोलणे पडद्यावर होऊ शकते. काही लाजऱ्या मुलांना तर ते सोपे जाते. पण ऐंशी वर्षांची आजी पहिल्या रांगेत बसून आपले न पटणारे म्हणणे शांतपणे ऐकते आहे, हे त्या मुलाला दिसायला हवे. शरीर आणि लैंगिकता यांविषयीचे जे वर्ग या मंडळ्या चालवतात, त्यांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. पातळ भिंतीपलीकडे वडील बसलेले असताना कुठले मूल मोकळे बोलणार?

मग दूर राहणाऱ्यांनी काय करायचे? इथे माझा निवाडा उलटा आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे. १८८१ साली सिनसिनाटीमध्ये सॅली एलिस या जवळजवळ बहिऱ्या, आजारी बाईंनी 'पोस्टल मिशन' चालवायला घेतले. दूरच्या खेड्यांतल्या एकट्या माणसांना त्या उदार धर्माची पत्रके आणि पत्रे पाठवत. बोलणे ऐकू न येणाऱ्या बाईने पत्रांतून शेकडो मैलांवरच्या माणसांचे ऐकून घेतले. विलायतेहून परतलेल्या शिंद्यांनीही मुंबईत असेच पोस्टल मिशन चालवले. १९४४ साली अमेरिकेत टपालाने चालणारी एक स्वतंत्र मंडळीच स्थापन झाली. ज्या गावात आपल्यासारखे दुसरे घर नाही तिथल्या मुलाला पडदा हे वरदान आहे, आणि ते हिरावून घेणे निर्दयपणाचे ठरेल. आजारी, अपंग किंवा शाळेत एकट्या पडलेल्या मुलांनाही हेच लागू आहे.

म्हणजे अंतर खरे असेल तिथे पडदा पूल होतो. अंतर खरे नसताना, सोय म्हणून, गाडी काढायचा कंटाळा म्हणून तो वापरला तर उदार मंडळीचे नुकसान इतरांपेक्षा जास्त होते. कर्मठ धर्मात न आल्याचे पाप लागते, लोक काय म्हणतील याची भीती असते. इथे कसलीच सक्ती नाही. येण्याची सवय मोडली की तिला परत आणणारे काही नसते.

हे मला तळमळीने सांगावेसे वाटते, कारण आपण हे पाहिले आहे. रानडे आणि भांडारकर ज्या प्रार्थना समाजात उपासना चालवत, त्याचे नाव आज मुंबईत बहुतेकांना गिरगावातल्या एका चौकाचे नाव म्हणून ठाऊक आहे. त्याची कारणे अनेक आहेत. पण पुरोगामी मराठी घरांनी कर्मकांड सोडले आणि मुलांना 'मोठा झाल्यावर तूच ठरव' एवढेच सांगितले, हे त्यांतले एक आहे असे मी मानतो. कशातून ठरवायचे, कुणाच्या सोबतीने ठरवायचे, हे त्या मुलांना मिळाले नाही.

याउलट, मेघालयातल्या जोवाईचे हाजोम किसोर सिंग यांना उदार धर्म मिळाला तो टपालाने. कलकत्त्याला असलेल्या चार्ल्स डॉल यांनी त्यांना चॅनिंग यांचे लेखन पाठवले, पुढे अमेरिकेतल्या जाबेझ संडरलंड यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार चालला. खासी टेकड्यांत ती मंडळी आजही टिकून आहे. तिथे वर्धापनदिन १८ सप्टेंबरला असतो. १८८७ साली त्या दिवशी जोवाईत काही माणसे पहिल्यांदा उपासनेसाठी एकत्र बसली.